भिरंडीखालचं घर

कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, काही उभारायचं झालं तर आधी वर बघायचं, मग खाली. मी पणजीच्या फ्लॅटात वाढले. आमच्या डोक्यावर कायम दुसऱ्याचा मजला असे, नारळ नसे. लग्न होऊन फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याच्या बाजूला आले तेव्हा सासऱ्यांनी पहिली शिकवण दिली ती ही, की माडाखाली गाडी, खाट आणि लहान मूल ठेवू नये. त्यांच्या यादीत गाडी पहिली होती, याची नोंद असावी.

त्यामुळे घरातल्या तिन्ही मुलांनी, म्हणजे माझा मुलगा आणि दिरांच्या दोन मुली, ‘उंचावरचं लाकडाचं घर’ मागितलं तेव्हा जागेचा शोध आभाळाकडे तोंड करूनच सुरू झाला. माडाच्या टप्प्यात नको. नारळ तर पडतोच, पण वाळलेली झावळीही वारा नसताना खाली येते आणि तिचा देठ चांगला जड असतो. पोफळींच्या रांगांमध्ये नको. तिथे पाट वाहतो, जमीन बारा महिने ओली. फणसाखाली तर नकोच नको. वीस किलोचा फणस देठापासून सुटताना खाली कोण आहे ते विचारत नाही.

मुलांचा हट्ट आंब्यावर बांधायचा होता. झाडावरच्या घरांची सध्या गोव्यात चलती आहे. जंगलाकडेच्या रिसॉर्टांत ती भाड्याने मिळतात, आणि एका रात्रीचं भाडं ऐकलं की माणूस न चढताच खाली पडतो. पण झाडावर घर बांधणं म्हणजे हलणाऱ्या, वाढणाऱ्या गोष्टीवर न हलणारी गोष्ट बसवणं. पुष्कळांना वाटतं की खोडात ठोकलेला खिळा झाडाबरोबर वर वर सरकत जातो. तसं होत नाही. झाड शेंड्याकडून उंच होतं, खोड फक्त जाड होतं. खिळा आयुष्यभर त्याच उंचीवर राहतो. अडचण उंचीची नसून जाडीची आणि वाऱ्याची असते. खोड जाड होत जातं तसं ते भोवतालच्या फळ्या ढकलतं, आणि जूनच्या वाऱ्यात झाड डोलतं तेव्हा घट्ट ठोकलेले सांधे उखडतात. दोन झाडांना मिळून बांधलं तर आणखी वाईट, कारण दोन झाडं एका तालात डोलत नाहीत.

शेवटी भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाशेजारी, पण त्याला कुठेही न टेकता, स्वतःच्या चार खांबांवर उभं राहणारं घर ठरलं. भिरंड पडली तर डोक्याला काही होत नाही, फार तर शर्टाला होतं. सावली दाट. आणि ती जागा उंचवट्यावर असल्याने पावसाचं पाणी तिथे साचत नाही.

आता घरातल्या भीतींची यादी. सासूबाईंना भीती पडण्याची: “एवढ्या उंचावरून पडलं पोर तर?” सासऱ्यांना सापाची. नवऱ्याला खर्चाची. दिरांना वजनाची, कारण त्यांच्या धाकटीच्या वर्गातली पलटण आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे उतरते. या सगळ्या भीती डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. मी जसजशी वाचत, विचारत गेले तसतसं माझं मत बनत गेलं की यांपैकी बहुतेकांचा बंदोबस्त आपोआप होतो. चार फुटांवर उभ्या राहिलेल्या मुलाला आपण चार फुटांवर आहोत हे कळतं; ते कठडा धरतं, जपून उतरतं, दोन दिवसांत त्याला उंचीचा अंदाज येतो. जे मुलाला दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही, त्यासाठी मोठ्या माणसाने डोकं चालवायचं असतं.

वजनाचंच घ्या. घरांच्या जमिनीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक आहे, आयएस 875 चा दुसरा भाग. राहत्या घरासाठी ते दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन धरायला सांगतं, म्हणजे साधारण 200 किलो. आमचा माच, म्हणजे खांबांवरची फळ्यांची बैठक, सहा फूट बाय सहा फूट, म्हणजे जवळजवळ 3.3 चौरस मीटर. हिशेब पावणेसातशे किलोंच्या घरात जातो. पंचवीस किलोचं एक पोर धरलं तर सत्तावीस पोरं. एवढी पोरं एका वेळी वर चढायची नाहीत. चार इंची खांब आणि बऱ्यापैकी तुळया असल्या की उभं वजन पेलणं लाकडाला अवघड जात नाही.

अवघड जातं ते आडवं ढकलणं. हे मला कागदावर समजलं नव्हतं, मेस्तांनी दाखवलं. मेस्त म्हणजे आमच्याकडचे सुतार. यांचे वडील आमच्या घराच्या छपराचं काम करून गेलेले. त्यांनी चार रिपांची चौकट केली, प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारला आणि माझ्या मुलाला म्हणाले, “ढकल बघू.” चौकट एका बोटाने तिरकी होऊन आडवी पडली. मग त्यांनी पाचवी रीप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मारली. “आता ढकल.” मुलाने दोन्ही हातांनी ढकललं, पाय लावून ढकललं, बहिणीला बोलावून ढकललं. चौकट जागची हलली नाही. चौकोनाला आपला आकार मोडता येतो, त्रिकोणाला मोडता येत नाही, एवढंच ते गणित. पण कितीतरी बागांतली, फार्महाउसांतली लहान मुलांची घरं मी तेव्हापासून बघते आहे: जाडजूड खांब, वर चकचकीत पॉलिश, आणि तिरपा टेकू एकही नाही. अशा घरात चार मुलं एका सुरात उजवीकडे-डावीकडे झुलली की दर वेळी सांधे थोडे थोडे सैल होतात. खांब जाड केला म्हणून यात फरक पडत नाही. आमच्या घराला प्रत्येक खांबापासून दोन्ही बाजूंना तिरपे टेकू आहेत. दिसायला थोडं अवजड वाटतं खरं. मुलांनी त्यांच्यावर लगेच पाय ठेवून चढायला सुरुवात केली, म्हणजे तेही वाया गेले नाहीत.

लाकडाचा प्रश्न नशिबाने घरातच सुटला. गोव्यात स्वतःच्या जमिनीतलं झाडही वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. (याच कायद्यात 2016 साली दुरुस्ती करून सरकारने माडाला झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढलं होतं. केवढा गदारोळ झाला! पुढे माड परत आत आला. सासरे तेव्हापासून माडाला ‘निलंबित कर्मचारी’ म्हणतात.) आम्हाला काही तोडावं लागलं नाही. कुळागराच्या टोकाला जुना मांगर, म्हणजे बागेतली खोप, होता, छप्पर बसलेला. त्याचे वासे आणि तुळया किंदळीच्या, म्हणजे किंजळीच्या लाकडाच्या. आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमचा एक जुना फणस मुळासकट आडवा केला होता. सासऱ्यांनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि माळ्यावर, दोन फळ्यांमध्ये काठ्या ठेवून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या. टोकांना रंग फासला, म्हणजे टोकाकडून लवकर वाळून चिरा पडू नयेत. उघड्या हवेत लाकूड वाळायला साधारण इंचाला एक वर्ष लागतं असा सुतारांचा हिशेब असतो. आमच्या फळ्या सव्वा इंची. त्यांना त्याहून बराच जास्त वेळ मिळाला होता.

फणसाचं लाकूड मला फार आवडतं. ताजं असताना पिवळंधमक, मग उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होत जातं. तंजावरची वीणा याच लाकडाची करतात. ब्रह्मदेश आणि थायलंडकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायला याच्या गाभ्याचा पिवळा रंग वापरत. गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण हे सगळं गाभ्याबद्दल. बाहेरचा फिकट भाग कुठल्याही झाडाचा असो, किडीला आणि बुरशीला तो आयता मिळतो. मेस्तांनी प्रत्येक फळीच्या कडेचा फिकट पट्टा रंध्याखाली काढूनच टाकला. फळ्या अरुंद झाल्या आणि माझा जीव हळहळला, पण ते बरोबर होतं.

किंदळीच्या जुन्या तुळयांनी वेगळाच त्रास दिला. आत तुटलेले जुने खिळे. वरून काही दिसत नाही, करवतीचं पातं मात्र ठिणगी उडवून सांगतं. शेवटी लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवण्याचं काम धाकट्यांना दिलं. तो त्यांचा या सगळ्या बांधकामातला सर्वांत गंभीर कालखंड होता. खडूने फुल्या मारत फिरायचे आणि मेस्तांना “इथे धोका आहे” असं सांगायचे.

मग पाणी. मला विचाराल तर गोव्यात लाकडाचं काहीही बांधणं म्हणजे पाण्याशी केलेला तह आहे. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मुलं लाकडी घर मोडत नाहीत. फार तर ओरखडतात. मोडतं पाणी, आणि तेही वरून धो धो पडणारं नाही. पडून वाहून गेलेल्या पाण्याने लाकडाचं फारसं बिघडत नाही. जे पाणी दोन लाकडांच्या मध्ये, खिळ्याच्या भोकात, खांबाच्या तळाशी जाऊन बसतं आणि बाहेर पडायला वाट शोधत नाही, ते घात करतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. सगळी कारागिरी त्या एका आकड्याच्या खाली राहण्यासाठी.

लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी. फळीच्या अंगावर पाणी पडलं तर ते निथळतं. कापलेल्या टोकावर पडलं तर त्या नळ्या ते पीत राहतात. म्हणून खांबाचा माथा सपाट ठेवायचा नाही. आमच्या चारही खांबांचे माथे तिरपे कापून वर पत्र्याची टोपी ठोकली आहे. आणि खांबाचं खालचं टोक, जिथून सगळी घरं मरतात, ते मातीत पुरायचं नाही. सासऱ्यांचं म्हणणं होतं की मांगराचे खांब पिढ्यानपिढ्या मातीत पुरलेलेच होते. होते, आणि मांगर कुठून बसला, तेही आम्ही जाऊन बघितलं. जमिनीच्या रेषेत, जिथे माती, हवा आणि ओल तिन्ही भेटतात, तिथे खांब मनगटाएवढे उरले होते. त्यावर सासरे काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतःच फावडं घेऊन खड्डे खणायला आले.

आमचे खांब काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या लोखंडी पकडीवर बसलेत. पकडीला जस्ताचा जाड मुलामा आहे. खांबाचा तळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये दोन बोटं हवा. ठोकळ्यासाठी जांभ्याचा चिरा वापरावा असं आधी वाटलं होतं. अंगणात पडलेले होतेच. पण चिरा सच्छिद्र, तो पाणी धरून ठेवतो आणि वर पोचवतो. चिरे शेवटी पायरीला लागले. पकडीचं दुसरं काम उलटं: घर खाली धरून ठेवणं. वादळी वारा छपराखाली शिरला की तो घर ढकलण्याआधी उचलायला बघतो.

सांध्यांवरून माझा आणि मेस्तांचा गोड वाद झाला. त्यांना खाच पाडून कुसू बसवायचा आणि त्यातून लाकडी खुंटी मारायची होती. मला बोल्ट हवे होते. त्यांचं म्हणणं, “वहिनी, लोखंड लाकडाला खातं.” यात तथ्य आहे. ओल्या लाकडातल्या आम्लांनी साधं लोखंड गंजतं, लाकडातल्या टॅनिनमुळे भोवती काळे डाग पडतात आणि मग त्या भोकाभोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. माझं म्हणणं, बोल्ट दर वर्षी पान्याने आवळता येतो, खुंटी आवळता येत नाही. शेवटी जे झालं ते दोघांपेक्षा शहाणं झालं. तुळई खांबाला कापलेल्या खाचेत बसते. वजन लाकूड लाकडावर टाकतं. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आरपार जातो तो फक्त तुळई जागेवरून सरकू नये म्हणून. वजन बोल्टवर लटकत नाही. खिळे आम्ही छपराच्या रिपांशिवाय कुठेच वापरले नाहीत. मुलांच्या उड्यांखाली फळी वरखाली होते आणि खिळा एकेक केसभर वर येत राहतो. एके दिवशी तो कुणाच्या तरी तळपायाला सापडतो. स्क्रू असं करत नाही.

खालच्या फळ्यांमध्ये फटी ठेवल्या, 6 मिलिमीटरच्या. जास्त का नाही, तर बोटं. खेळण्याच्या साधनांसाठी असलेलं युरोपीय मानक सांगतं की 8 ते 25 मिलिमीटरच्या भोकात लहान मुलाचं बोट जाऊन अडकू शकतं. कमी का नाही, तर लाकूड पावसात फुगतं. ते लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. फटी नसत्या तर पहिल्याच आषाढात फळ्यांनी एकमेकींना उचललं असतं.

बोटावरून डोक्याकडे येते, कारण हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं आणि ओळखीच्या कुठल्याही आईबापाला मी सांगितलं तेव्हा त्यांनाही नव्हतं. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर. आपल्याला वाटतं, डोकं जाणार नाही एवढं अंतर असलं की झालं. मुलं मात्र नेहमी डोक्याने शिरत नाहीत. ती कठड्यावर बसतात, पाय बाहेर सोडतात आणि पायांकडून घसरतात. लहान मुलाचं धड डोक्यापेक्षा सपाट. पाय जातात, कंबर जाते, छाती जाते आणि डोकं वर अडकतं, पाय अधांतरी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची क्रीडांगणांसाठी पुस्तिका आहे. तिच्यात साडेतीन इंच ते नऊ इंच यांच्यामधलं कुठलंही अंतर धोक्याचं म्हटलंय. साडेतीनपेक्षा कमी असेल तर धड जात नाही. नऊपेक्षा जास्त असेल तर डोकंही निघून जातं. मधलं सगळं वाईट. आता आपल्या आजूबाजूच्या बाल्कन्या, जिने, बागेतल्या घसरगुंड्या डोळ्यांसमोर आणून बघा. पाच-सहा इंच हे आपल्याकडचं अगदी लाडकं अंतर आहे.

मेस्तांनी साडेतीन इंचाचा एक ठोकळा करून दिला. तो कठड्याच्या कुठल्याही फटीतून पार जाता कामा नये, असा नियम. खिडकीची चौकट, शिडीच्या पायऱ्यांमधली जागा, छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट, सगळीकडे तो ठोकळा लावून बघितला. गज उभेच ठेवले. आडवे असले की ती शिडी होते. आणि डोकं अडकण्याच्या याच भीतीने मुलांना सायकलचं हेल्मेट घालून वर चढायची बंदी आहे. सासूबाईंनाच हेल्मेटची कल्पना सुचली होती, सुरक्षिततेसाठी. त्यांना पटवायला वेळ लागला की जिथून शरीर जातं तिथे हेल्मेट अडकतं.

रंगाबद्दल थोडक्यात, पण हे गाळू नये. फोंड्याकडे एक जुनं घर पाडत होते, तिथून मेस्तांनी हिरव्या रंगाची एक देखणी जुनी खिडकी आणली होती, लाकडी झडपांची. माझा हात तिच्यावरून फिरत होता आणि मी ती परत पाठवली. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात किती असेल याचा भरवसा नाही, आणि लहान मूल खिडकीच्या चौकटीला दात लावतंच. खरडून काढणं आणखी वाईट, कारण मग ती धूळ हवेत जाते.

वाळवीच्या औषधाचंही तसंच. याबाबतीतली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. जगभर विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, कुंपणं टिकवणारं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण आपल्याच देशात जन्मलं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये ते शोधलं. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक खुणा जोडून त्याला ‘आस्कू’ हे नाव पडलं. बागांतल्या खेळण्यांनाही ते सर्रास वापरलं गेलं. पुढे आर्सेनिक मुलांच्या हाताला लागतं हे लक्षात आलं आणि 2004 पासून अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापराच्या आणि खेळण्यांच्या लाकडासाठी ते बंद केलं. विजेच्या खांबाला उत्तम, मुलांच्या कठड्याला नको. आम्ही खांबांच्या तळाला आणि पकडीत बसणाऱ्या भागाला काजूच्या टरफलांचं तेल दिलं, होड्यांना देतात तेच. ते हाताला लागलं तर कातडी भाजते, म्हणून ते काम मुलांना अंगणाबाहेर पिटाळून केलं आणि पूर्ण सुकेपर्यंत भोवती दोरी बांधून ठेवली. जिथे हात लागतो त्या सगळ्या भागाला फक्त जवसाचं तेल, दर पावसाळ्यानंतर एकदा.

खाली पडण्याची जमीन. मेमध्ये आमची लाल माती अशी भाजून निघते की तिच्यावर कुदळ टणटणते. तिच्यावर हिरवळ असली तरी ती पडणाऱ्या मुलाला काही मदत करत नाही. घराभोवती सहा फुटांपर्यंत बारा इंच जाडीचा लाकडाच्या कपच्यांचा थर टाकला, फोंड्याच्या वखारीतून आणलेल्या. त्या पावसात कुजतात, दबतात, दर वर्षी भर घालावी लागते. सासऱ्यांच्या सापाच्या भीतीला उत्तर एवढंच, की माचाखाली काही म्हणजे काही साठवायचं नाही. ना सरपण, ना नारळाची सोडणं, ना जुनी कौलं. आरपार दिसलं पाहिजे.

छपरावर कौलं नाहीत. माकडं कौलं उचकटतात, आणि उचकटलेलं कौल कुठे पडेल ते सांगता येत नाही. पत्रा घातला आणि त्यावर माडाच्या झावळ्यांची झापं अंथरली, म्हणजे उन्हात तापत नाही आणि पावसात कान फुटत नाहीत. छपराला चहूबाजूंनी दीड हात बाहेर काढलंय. घराच्या भिंती कोरड्या ठेवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

मुलांनी या सगळ्यातलं काय वाखाणलं? काहीच नाही. त्यांना साडेतीन इंच दिसत नाहीत, पकडी दिसत नाहीत. त्यांचं लक्ष एका गोष्टीवर होतं: कप्पी. बादली वर ओढायची कप्पी हवी. लोंबती दोरी हा धोकाच, गळ्याला वेढा बसू शकतो. त्यामुळे तह असा झाला की दोरी वरून बांधलेली, जमिनीपर्यंत न पोचणारी, आणि खेळून झाल्यावर आत ओढून घ्यायची. ती आत ओढली जाते की नाही यावर धाकटीचं पोलिसी लक्ष असतं. घसरगुंडी आम्ही केली नाही. मुलांनीच शेजारच्या उतारावर पोफळीच्या विऱ्या, म्हणजे गळून पडलेली रुंद देठांची झावळं, आणून ठेवल्या. एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने तिचा शेंडा धरून ओढत सुटायचं. या खेळाला कुठलंही मानक नाही आणि गुडघे तिथेच फुटतात.

चवथीला त्यांनी आपल्या घरात स्वतःची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधली. मेस्तांनी उरलेल्या रिपांची छोटी चौकट करून दिली होती. तिला एक काकडी, सुपारीचा एक शिपटा, दोन हिरवी तोरिंजनं आणि कुणाचा तरी पाण्याचा डबा टांगला होता. गणपती मातीचा, मुलाने केलेला, सोंड जरा आखूड. बघायला वाड्यावरची मुलं आली. दहा-बारा जण एकाच वेळी वर होते, आरतीला टाळ्या देत आणि पाय आपटत. मी खाली उभी राहून तिरप्या टेकूंकडे बघत होते. हललं नाही.

आणि ज्यांनी सर्वांत जास्त विरोध केला होता, त्या सासूबाईंना या एप्रिलमध्ये अचानक त्या माचाची महती कळली. भिरंडांची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळवायला तिथे ऊन तिरपं येतं, कोंबड्या पोचत नाहीत, आणि खालून वारा खेळतो म्हणून सोलं लवकर सुकतात. त्या सकाळी पाच पायऱ्या चढून वर जातात, सोलं रसात बुडवून पुन्हा पसरतात आणि सावकाश उतरतात. फणसाच्या फळ्यांवर आता तांबडे डाग आहेत. मुलांचं म्हणणं, हे आमचं घर आहे, भाडं पाहिजे. थोरलीने वहीचं पान फाडून रीतसर करारपत्र केलं: दर उन्हाळ्यात सोलं सुकेपर्यंत अर्धा माच आजीला, बदल्यात फणसपोळ्या, प्रत्येकी दोन, आगाऊ. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं, पेन मागितलं, ‘आगाऊ’ खोडलं आणि सही केली.